पंचनाम्यात मनाचा रकाना नाही

गेले आठ-दहा दिवस ही पोस्ट लिहितोय आणि खोडतोय. रेतीघाटांवर लिहिताना हात अडला नाही, धान खरेदी केंद्रांवरच्या घोळावर लिहिताना अडला नाही, नगर परिषदेवर तर झोपेतही लिहीन. पण स्वतःबद्दल चार ओळी लिहायच्या म्हटलं की अंगठा मोबाईलवरच थांबतो.

तर सरळ सांगून टाकतो. येत्या गुरुवारी सकाळच्या महाराष्ट्र एक्सप्रेसने मी नागपूरला जातोय. बातमी नाही, लग्न नाही, कोणाचं ऑपरेशन नाही. एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मॅडमची वेळ घेतलीय. ज्याला ट्रॉमा थेरपी म्हणतात, म्हणजे मनावर बसलेल्या आघातावरचा उपचार, तो आयुष्यात पहिल्यांदा सुरू करतोय. आणि मला भीती वाटतेय. सालेकसा-दरेकसाच्या जंगलातून रात्री मोटारसायकलने येताना वाटायची त्यापेक्षा जास्त.

"पत्रकाराचं डोकं फिरलं" असं ज्यांना म्हणायचं असेल त्यांनी खुशाल म्हणावं. पण पूर्ण वाचून म्हणा, कारण ही पोस्ट माझ्या डोक्याबद्दल कमी आणि आपल्या जिल्ह्याबद्दल जास्त आहे.

२९ नोव्हेंबर २०२४. शुक्रवारची दुपार. भंडाऱ्याहून गोंदियाकडे येणारी शिवशाही सडक अर्जुनी तालुक्यात डव्व्याजवळ, बिंद्रावनटोला इथं उलटली. ११ माणसं गेली. जखमी वीसच्या वर. तुम्ही सगळ्यांनी ती बातमी वाचली, फोटो पाहिले, व्हिडिओ फॉरवर्ड केले. मी तिथं उभा होतो. आणि मी काय करत होतो सांगू? मी आकडा पक्का करत होतो. ऑफिसातून फोन यायचा, "किती झाले? दुसऱ्यांकडं एक जास्त दिसतोय, नीट बघ." मग मी पुन्हा जाऊन मोजायचो. रस्त्याच्या कडेला ओळीनं ठेवलेल्या माणसांना मी एक, दोन, तीन करत मोजलं. एकदा नाही, चार-पाच वेळा.

बातमी लागली. चांगली लागली म्हणतात. घरी आलो, जेवलो, झोपलोसुद्धा.

मग महिनाभरानं ते सुरू झालं. बसस्टँडवर उभा राहिलो की खिडकीतून दिसणारी डोकी मोजायला लागायचो. डिझेलचा वास आला की तोंडाला कोरड. नागझिऱ्याला येणाऱ्या पाहुण्यांना रस्ता सांगायचा झाला तरी कोहमाऱ्याचं नाव तोंडातून निघेना. साकोलीला काम निघालं तर मी गोरेगावच्या रस्त्यानं जायचं सोडून आमगाव-देवरी करून वळसा घालायला लागलो. बायको एकदा म्हणाली, "अहो, साकोलीला जायला देवरीवरून कोण जातं?" मी म्हटलं, रस्ता चांगला आहे. पेट्रोलचा हिशेब तिनं काढला तेव्हा गप्प बसलो.

या उन्हाळ्यात साळ्याच्या पोरीचं लग्न होतं. रात्री उशिरा मांडवात पाहुणे गाद्या टाकून ओळीनं झोपलेले. गर्मी होती, पण मच्छरांमुळं डोक्यावरून चादरी घेतलेल्या. मी पाणी प्यायला उठलो आणि मोजायला लागलो. सातव्या-आठव्या चादरीपर्यंत पोचलो आणि हातपाय गार पडले. मांडवाच्या मागं जाऊन धान्याच्या कोठीला टेकून पहाटेपर्यंत बसलो. सासरेबुवांना वाटलं जास्त झाली. मीही तेच सांगितलं. "जास्त झाली" हे सांगायला मला लाज वाटली नाही. बघा हां, ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं येणार आहे.

आता मुद्द्यावर येतो.

अपघात झाला की आपल्याकडं काय होतं? मंत्री येतात, भेट देतात, मदत जाहीर होते. शिवशाहीच्या वेळी मृतांच्या वारसांना राज्यानं १० लाख जाहीर केले. ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली, १० बाळं गेली, ७ वाचवली. तेव्हा ५ लाख जाहीर झाले. ही मदत द्यायलाच हवी, तिला नावं ठेवत नाही. पण त्याआधी पंचनामा होतो. पंचनाम्यात गाडीचं नुकसान येतं, हाडं किती मोडली ते येतं, घर पडलं तर भिंत किती फूट पडली ते येतं, गोठ्यात मेलेलं जनावर गाभण होतं का तेही येतं. ज्या माणसाच्या मांडीवर शेजारच्या सीटवरच्या माणसानं जीव सोडला, तो माणूस खरचटून वाचला, तर त्याच्या नावापुढं "किरकोळ जखमी". झालं. ड्रेसिंग करून घरी.

किरकोळ! मी स्वतः हा शब्द शेकडो वेळा लिहिलाय.

हायवेवरच्या पाटीवर "ट्रॉमा केअर सेंटर" लिहिलेलं असतं ते तुम्ही पाहिलं असेल. आपल्याकडं ट्रॉमा म्हणजे हाड. मोडलं, बसवलं, प्लास्टर, सुट्टी. मनाचा ट्रॉमा म्हणजे काय हे त्या पाटीखालून रोज जाणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? मलाही नव्हतं. मी जर्नालिझमचा डिप्लोमा केला तेव्हा आम्हाला शीर्षक कसं द्यायचं, इंट्रो कसा लिहायचा, बदनामीचा कायदा काय, सगळं शिकवलं. प्रेतं मोजून आलेल्या माणसानं त्या रात्री काय करायचं हे शिकवलं नाही.

ते आम्ही आमचं शिकलो. बैठक.

आता चिडू नका. या जिल्ह्यात आघातावरचा सर्वात मोठा उपचार कोणता चालतो? दारू. पोस्टमॉर्टेमच्या खोलीत काम करणाऱ्या एका माणसाशी माझी जुनी ओळख आहे. मी एकदा विचारलं, रोज घेता का? तो म्हणाला, "घेतल्याबिगर हात चालत नाही जी. अन् घेतल्यावर घरचे बोलतात. तुम्हीच सांगा काय करू." त्याला "बेवडा" म्हणणारे आपण सगळे आहोत. त्याला कोणी बसवून विचारलं का, की बाबा, तू आठवड्याला काय काय बघतोस? पोलीस, ॲम्ब्युलन्सवाले, रेल्वे रुळावरचं उचलणारे, जंगलात नक्षलविरोधी अभियानावर जाणारे जवान, त्यांच्या घरच्या बायका. आणि आम्ही. संध्याकाळी ढाब्यावर चार जण बसतो, कोणी बोलत नाही, दुसऱ्या पेगनंतर कोणीतरी विनोद करतो. त्या विनोदांवर मी आजवर खूप हसलोय. दारू प्यायला जाताना आम्ही तोंड लपवत नाही. डॉक्टरकडं जायचं म्हटलं की नागपूर गाठतो.

हो, मीसुद्धा. गोंदियात ओळखीचं कोणी पाहील म्हणून मी नागपूरची वेळ घेतली. सव्वाशे-दीडशे किलोमीटर लांब. उगाच शूर बनत नाही.

त्यात अजून एक गंमत सांगतो, गंमत म्हणजे लाजच. वेळ घ्यायला फोन केला तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला, "मॅडम, दुसऱ्या नावानं नोंदवता येईल का?" त्या म्हणाल्या, त्याची गरज नाही, इथलं इथंच राहतं. फोन ठेवला आणि मला घाम फुटला. कारण वीस वर्षांत मी किती जणांना ही सूट दिली? विष घेतलेल्या शेतकऱ्याच्या बायकोचं नाव, गाव, फोटो, पोरांची वयं. वेडाच्या झटक्यात विहिरीत उडी मारलेल्या बाईचं माहेर कुठलं, सासर कुठलं. "वेडाच्या झटक्यात" हे शब्द माझेच. पोलिसांच्या प्रेसनोटमधून उचललेले असतील, पण खाली नाव माझं.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ सालचा आहे. त्याचं कलम २४ वाचा. मानसिक आजारावर उपचार घेणाऱ्या माणसाचा फोटो किंवा माहिती त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना द्यायची नाही, असं त्यात साफ लिहिलंय. कलम २३ सांगतं की त्याच्या उपचाराबद्दलची माहिती गुप्त ठेवणं हा त्याचा हक्क. कलम ११५ म्हणतं, आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस प्रचंड तणावाखाली होता असंच धरायचं, आणि त्याला खटल्यात ओढायचं नाही, सरकारनं त्याची काळजी घ्यायची. आम्ही अजूनही "गुन्हा दाखल" लिहायला आसुसलेले असतो. माझ्या धंद्यातले मित्र हे वाचून तोंड वाकडं करतील. करा. पण कलमं काढून वाचा आधी.

आता कोणी म्हणेल, आघात आघात काय लावलंय, आमच्या आजोबांनी दुष्काळ पाहिला, साथी पाहिल्या, ते कुठं गेले थेरपीला? आमच्या एका ज्येष्ठांनी मला हेच ऐकवलं. "आम्ही काय कमी पाहिलं? पत्रकार असून घाबरता का जी?" मी त्यांना मानतो, म्हणून तोंडावर काही बोललो नाही. इथं बोलतो. दादा, तुम्ही पाहिलं हे खरं. पण तुम्ही रात्री दिवा लावून झोपता हे मला तुमच्या मुलानं सांगितलंय. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत भूकंप झाला, सुमारे ८ हजार माणसं गेली. तिकडच्या एखाद्या माणसाला विचारा, त्यानंतर किती वर्षं लोक घर असून अंगणात झोपले. भिंतीखाली झोपायला मन धजत नाही, यात भित्रेपणा काय? ज्याच्यावर भिंत पडली त्याचं शरीर विसरत नाही. आपण त्याला "सवय" म्हणतो, "स्वभाव" म्हणतो, "चिडका आहे" म्हणतो, "बाहेरचं लागलं" म्हणतो. माझ्या आईनंही मीठ-मोहरी ओवाळली. ओवाळू दे, तिचा जीव तुटतो म्हणून ओवाळते. पण तेच पाहून कोणी मांत्रिकाकडं नेऊन पैसे उकळत असेल तर त्यासाठी २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, हेही सांगून ठेवतो.

या दुखण्याला नाव आहे. पीटीएसडी. अमेरिकेतल्या मानसोपचार तज्ज्ञांनी ते त्यांच्या आजारांच्या यादीत १९८० साली घेतलं, व्हिएतनामच्या लढाईतून परतलेले सैनिक डोळ्यासमोर होते. २०१३ ला त्या यादीची नवी आवृत्ती आली, त्यात स्पष्ट केलं की स्वतःवर प्रसंग आला नसला तरी कामाचा भाग म्हणून ज्यांना असलं वारंवार बघावं, हाताळावं लागतं, त्यांनाही हे होऊ शकतं. हे वाचलं तेव्हा खरं सांगतो, मी खुर्चीतून उठून बाहेर गेलो. कारण वर्षभर मी स्वतःला एकच सांगत होतो: तुला काय झालं रे? तू बसमध्ये नव्हतास. तुझं कोणी गेलं नाही. तू फक्त मोजत होतास. ज्यांचं गेलं ते भोगताहेत, तू कसला आघात घेऊन बसलास? दुसऱ्याचं दुःख चोरल्यासारखं वाटायचं. अजूनही वाटतं.

मला पीटीएसडी आहे की नाही, मला माहीत नाही. ते मी ठरवायचं नाही, आणि मोबाईलवर दहा प्रश्नांची परीक्षा देऊन तुम्हीही ठरवायचं नाही. असल्या प्रसंगानंतर बहुतेक माणसं घरच्यांचा आधार मिळाला की काही आठवड्यांत सावरतात. ज्यांचं महिना उलटूनही सुटत नाही, झोप, काम, घर सगळ्यावर येतं, त्यांना उपचार लागतो. एवढं साधं आहे. ताप तीन दिवसांत उतरला तर ठीक, नाही उतरला तर रक्त तपासतो ना आपण?

भीती कसली वाटते ते आता नीट सांगतो, कारण मला वाटतं ही भीती घेऊन घरात बसलेले माझ्यासारखे बरेच आहेत, आणि त्यांना कोणी सांगत नाही.

पहिली भीती, आत गेल्या गेल्या ते सगळं सांगावं लागेल. ओळीनं ठेवलेली माणसं, वास, फोन, सगळं. आणि एकदा सुरू झालं की थांबणार नाही. बोडीचा बांध फुटला की कसं होतं, आधी बोटभर धार, मग पाळच वाहून जाते. मी मॅडमना हे फोनवर विचारलं. त्यांनी सांगितलं ते मी चक्क वहीत लिहून घेतलं, सवयच तशी. पहिल्या दिवशी प्रसंग सांगायची गरज नाही. झोप कशी आहे, जेवण, दारू, घरी कोण कोण, जीव नकोसा होतो का कधी, असं विचारतील. मग घाबरलं की शरीर ताळ्यावर कसं आणायचं ते आधी शिकवतील. श्वास, जमिनीवर पाय टेकवणं, आजूबाजूच्या वस्तूंची नावं घेणं. पाय टेकायला जागा झाली की मग प्रसंगाकडं जायचं, तेही हळूहळू, माझ्या परवानगीनं. "थांबा" म्हणायचा अधिकार माझा. मी विचारलं, "रडलो तर?" त्या म्हणाल्या, "लोक रडतात इथं. काही होत नाही."

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ ला याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. मोठ्यांच्या पीटीएसडीसाठी त्यात दोन बोलण्याचे उपचार सुचवलेत: आघातावर लक्ष देणारी सीबीटी, आणि ईएमडीआर, ज्यात आठवण मनात धरून तज्ज्ञाच्या सांगण्यानुसार डोळे इकडून तिकडं हलवायचे असतात. दुसरा प्रकार ऐकून मला झाडफुकीची आठवण आली, खोटं कशाला बोलू! पण त्यावर ३०-३५ वर्षांचा अभ्यास झालेला आहे. त्याच सूचनांमध्ये दोन गोष्टी आपल्यासाठी महत्त्वाच्या आहेत. एक, घटनेनंतर लगेच माणसाला धरून "बोल, सगळं बोलून टाक, मोकळा हो" असं उकरून काढू नका. आपण सांत्वनाला जाऊन नेमकं तेच करतो, आणि आम्ही पत्रकार माईक घेऊन करतो. दोन, पहिल्या महिन्यात या त्रासासाठी झोपेच्या-घबराटीच्या सवय लावणाऱ्या गोळ्या देऊ नका. आपल्याकडं मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणणारे किती आहेत, मी नावं घेत नाही.

दुसरी भीती, काम जाईल. मी ज्यांच्यासाठी लिहितो त्यांचं नाव घेत नाही, पण गावाकडच्या वार्ताहराचं कसं असतं तुम्हाला माहीत आहे. पगार नावाला, जाहिरातीचं कमिशन, १५ ऑगस्टच्या पुरवणीचं टार्गेट. सुट्टी मागितली तर "काय झालं?" काय सांगू? पाठ दुखते सांगितलंय. पत्रकारावर हल्ला झाला तर महाराष्ट्रात कायदा आहे, २०१७ चा, आम्ही त्यासाठी धरणे दिली होती. काठी डोक्यात बसली तर कायदा. डोक्याच्या आत बसली तर? दरवर्षी ६ जानेवारीला पत्रकार दिन होतो, बाळशास्त्रींच्या फोटोला हार, शाल-श्रीफळ, आणि बीपी-शुगर-डोळे तपासणी शिबिर. २०२१ ला हार घालून तीन दिवस झाले नाहीत तर आम्ही भंडाऱ्याच्या त्या इमारतीबाहेर उभे होतो. तिथं एका बापाला मी विचारलं होतं, "तुम्हाला काय वाटतं?" तो माझ्याकडं नुसता बघत राहिला. तो प्रश्न मी परत घेऊ शकलो असतो तर!

तिसरी भीती पैशाची, ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. असे उपचार एका बैठकीत होत नाहीत, दहा-बारा वेळा तरी जावं लागू शकतं असं त्या म्हणाल्या. फी अधिक तिकीट अधिक बुडालेला दिवस. मी कसंतरी करीन. पण शिवशाहीत "किरकोळ जखमी" झालेली, रोवणीला जाणारी बाई काय करील? तिला कोणी सांगितलं का की तुला रात्री ओरडत उठायला होतं त्यावर उपचार आहे?

आणि इथंच मला राग येतो, भीतीपेक्षा जास्त.

कारण हे सगळं कागदावर आहे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ पासून आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून. आपला गोंदिया जिल्हा झाला १ मे १९९९ ला, म्हणजे कार्यक्रम आपल्या जिल्ह्यापेक्षा वयानं मोठा. आपत्तीनंतर लोकांना मानसिक आधार कसा द्यायचा याच्या मार्गदर्शक सूचना राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं २००९ साली काढल्या. २०१७ च्या कायद्याचं कलम १८ म्हणतं, परवडणाऱ्या दरात, चांगल्या दर्जाची मानसिक आरोग्य सेवा मिळणं हा प्रत्येकाचा हक्क आहे. जिल्ह्यात किमान सेवा नसेल तर जिल्ह्यातल्याच दुसऱ्या ठिकाणी घेतलेल्या उपचाराचा खर्च सरकारनं उचलायचा, असंही तिथं आहे. कलम २१ म्हणतं, विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यायचं. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं की आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. म्हणजे कायदा येण्याआधीच आकडा सरकारच्या हातात होता.

मग मी जिल्ह्याच्या आढावा बैठकांमध्ये इतकी वर्षं बसलो, चहा प्यायलो, तिथं हा प्रश्न का विचारला नाही? धानाचा बोनस विचारला, पूल विचारला, वाघानं मारलेल्या माणसाची मदत कधी मिळणार विचारलं. वाघाच्या तावडीतून सुटलेला माणूस पुन्हा तेंदूपत्त्याला जंगलात कसा जातो, ते नाही विचारलं. २१ डिसेंबर २०१६ ला आपल्या शहरात बिंदल प्लाझा हॉटेलला आग लागली, ७ जण गेले. मी अग्निसुरक्षेवर मालिका लिहिली. आग विझवणाऱ्यांपैकी एकानंही मला "झोप येत नाही" सांगितलं नाही, कारण मी विचारलंच नाही. हा दोष अधिकाऱ्यांवर टाकून मी मोकळा होणार नाही.

आता विचारतो. जाहीर विचारतो. लोकप्रतिनिधींना आणि प्रशासनाला, तिन्ही प्रश्नांची उत्तरं लेखी द्या.

मोठा अपघात, आग, पूर, वन्यप्राण्याचा हल्ला झाला की वाचलेल्यांच्या आणि वारसांच्या घरी प्रशिक्षित समुपदेशक महिन्यानं आणि पुन्हा सहा महिन्यांनी जाईल, अशी आपल्या जिल्हा आपत्ती आराखड्यात तरतूद आहे का? असेल तर शिवशाहीच्या वेळी किती घरी गेले?

ॲम्ब्युलन्स, शवागार, अग्निशमन, पोलीस, यांच्यासाठी नियमित मानसिक आरोग्य तपासणी आहे का, अशी की जिची नोंद त्यांच्या बढतीच्या आड येणार नाही?

बोलण्याचा उपचार, म्हणजे तासभर बसून, आठवड्याच्या आठवड्याला, जिल्ह्यात सरकारी ठिकाणी कुठं आणि कोणत्या वारी मिळतो? गोळ्या लिहून देणं वेगळं, ते कामही मोठं आहे आणि ओपीडीतल्या डॉक्टरांपुढची रांग मी पाहिलीय, त्यांना दोष नाही. मी विचारतोय तो तासाबद्दल.

हाडं मोडलेल्या माणसाला आपण सांगतो का, की गोंदियात प्लास्टर मिळत नाही, नागपूरला जा?

कोणी म्हणेल, फोनवर सोय आहे ना. आहे. टेली मानस, १४४१६. ऑक्टोबर २०२२ पासून, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. मी स्वतः केलाय फोन, रात्री अडीच वाजता, गच्चीवर जाऊन, पाण्याच्या टाकीमागं उभा राहून. पलीकडच्या मुलीनं शांतपणे ऐकून घेतलं, प्रत्यक्ष तज्ज्ञाला भेटा असं तिनंच सुचवलं. ज्याला आज रात्रीच जड जातंय त्यानं हा नंबर लावावा, उद्यावर टाकू नये. पण फोन म्हणजे दार. दार उघडल्यावर आत खोली असायला नको का?

आणि जाता जाता, नावावर जाऊ नका. "काउन्सेलर" अशी पाटी कोणीही लावतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडं असते, तो नंबर विचारायला लाजू नका. मी विचारला. मॅडमना राग आला नाही. मानसोपचार तज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस होऊन पुढं शिकलेले डॉक्टर, ते औषध देऊ शकतात. गरज पडली तर मलाही पाठवतील म्हणाल्या. सात दिवसांत आघात काढून देतो म्हणणारा भेटला तर पाय लावून पळा.

२९ तारखेला वर्ष होतं. मंडईचे दिवस आहेत, गावोगाव दंडार, रात्रभर झाडीपट्टीची नाटकं, सगळीकडं गर्दी. मला सध्या गर्दीत जाता येत नाही, मोजायला लागतो. ज्यांनी मंडईला बोलावलं आणि मी आलो नाही, त्यांनी राग धरू नये. पाठ दुखत नव्हती.

परवा बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला माहीत होतं. तुम्ही झोपेत आकडे बोलता." मग म्हणाली, "मी येऊ का सोबत?" मी नको म्हटलं, मग हो म्हटलं, मग पुन्हा नको. अजून ठरलेलं नाही. दोन तिकिटं मात्र तिनं काढून ठेवलीत.